फ्रान्सचा विदोक

वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आहोत. वाटमारी सोडून तो ऋषी झाला आणि कथा तेथेच सुफळ संपूर्ण होते. परंतु ज्याला ऋषी होणे साधले नाही, चोर ज्याचा पिच्छा सोडीत नव्हते आणि सज्जन ज्याला उंबऱ्याशी उभे करीत नव्हते, त्या माणसाने जगावे कसे? अशा एका परदेशस्थ पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याने १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात इतरांच्या हातची भर पुष्कळ पडली आहे. म्हणून त्यातील चमत्कारिक प्रसंग आम्ही बाजूस ठेविले आहेत.

युजीन फ्रान्स्वा विदोक हा १७७५ साली उत्तर फ्रान्समधील अर्रास या गावी जन्मला. बाप भटारखान्याचा धनी. घरात अन्नवस्त्राची वाण नव्हती. तथापि मुलगा मोठा धटिंगण निघाला. त्याने प्रथम घरातील चांदीची ताटे विकली, तेव्हा बापानेच त्याला काही दिवस तुरुंगाची हवा दाखविली. पुढे त्याने दुकानाचा गल्ला लांबवून पळ काढला आणि वाटेत स्वतःच लुबाडला गेला. भणंग होऊन परतलेल्या या पोराला आईने पदराखाली घेतले. नंतर तो सैन्यात शिरला. परंतु बायकांचा नाद, द्वंद्वे आणि तापट स्वभाव यांमुळे तेथेही टिकला नाही.

एका अधिकाऱ्यावर हात उगारल्याबद्दल लील येथील तुरुंगात त्याला तीन महिने काढावयाचे होते. तेवढे भोगून तो सुटता, तर कदाचित हे चरित्र लिहिण्याचे कारणच पडले नसते. त्याच तुरुंगात धान्य चोरल्याबद्दल सहा वर्षांची सजा झालेला एक गरीब शेतकरी होता. त्याच्या सुटकेचा बनावट हुकूम तयार झाला आणि तो विदोकच्या कोठडीत तयार झाल्याचे उघडकीस आले. आपला त्यात हात नव्हता, असे तो पुढेही सांगत राहिला. पण न्यायालयाने १७९६ साली त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. तीन महिन्यांची चूक आयुष्याला जडली ती अशी.

त्या काळी अशा बंदिवानांना एका साखळीत जखडून समुद्रकाठच्या ब्रेस्त किंवा तुलाँ येथील बंदिगृहांत नेत आणि पायांत बेड्या घालून गोदीत राबवीत. विदोक ब्रेस्तहून निसटला, पुन्हा सापडला, तुलाँला गेला आणि १८०० साली तेथूनही पळाला. परंतु भिंतीबाहेर आला म्हणून तो मोकळा झाला नाही. नाव बदलून, आईला जवळ घेऊन त्याने सचोटीने व्यापार मांडला. तेव्हा जुने बेडीबंद सोबती दारात उभे राहू लागले. कोणी पैसा मागे, कोणी चोरीचा माल दडविण्यास सांगे. नकार दिला की सरकारला खबर देण्याची धमकी. सरकारकडे जावे तर बेडी, चोरांकडे जावे तर फास!

अखेर १८०९ साली पुन्हा पकडला गेल्यावर त्याने पॅरिसच्या पोलिसांना आपली सेवा देऊ केली. मग एकवीस महिने तो तुरुंगातच राहिला, पण आता हेर म्हणून. बंदिवान त्याला आपला समजून मन मोकळे करीत आणि तो ते सारे वर कळवी. हे कृत्य शुद्ध होते, असे म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही. विश्वासाने बोललेल्यांचा त्याने घात केला, हे खरे; आणि त्या बोलण्यातून कित्येक गुन्हे उघडकीस आले, हेही खरे.

१८११ साली पळून गेल्याचा देखावा करून त्याला सोडण्यात आले. त्याने शोधपथक उभारले आणि त्यात बहुतेक पूर्वीचे गुन्हेगारच घेतले; चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे त्याचे सूत्र होते. वेषांतर करून तो गुत्त्यांत बसे आणि एकदा पाहिलेला चेहरा विसरत नसे. १८१७ या एका वर्षात त्याच्या डझनभर साहाय्यकांनी ८०० हून अधिक अटका घडवून आणल्या. पुढे राजा अठराव्या लुईने त्याला क्षमा केली. तरी चोर त्याच्या जिवावर उठलेले आणि अधिकारी त्याच्याकडे संशयाने पाहणारे, ही स्थिती पालटली नाही. गुन्हे हाच घडवितो आणि हाच उघडकीस आणतो, असा आरोप शत्रू करीत.

१८२७ साली पद सोडल्यावर त्याने पॅरिसनजीक सें-मांदे येथे कागदाचा कारखाना काढला. त्यात त्याने सुटून आलेल्या स्त्रीपुरुष बंदिवानांना काम दिले. आमच्या मते त्याच्या सर्व पराक्रमांहून हे कृत्य थोर होय. पण मजूर स्वस्तातले आहेत, मग पुरा भाव का द्यावा, असे गिऱ्हाईक म्हणू लागले आणि १८३१ साली त्याचे दिवाळे निघाले. चोराने चोरी सोडावी, असे सर्वांस वाटे. त्याने केलेला कागद रास्त भावाने घ्यावा, असे फारच थोड्यांस वाटले.

१८३३ साली त्याने खाजगी शोधकचेरी काढली. तीपायी त्याच्यावर खटले झाले. १८४३ साली पाच वर्षांची सजा झाली, ती अपिलात रद्द झाली. ११ मे १८५७ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पॅरिसमध्ये त्याचा देहान्त झाला. बाल्झाक आणि व्हिक्टर ह्यूगो यांनी आपल्या कादंबऱ्यांतील पात्रे रंगविताना त्याच्या आयुष्याचा आधार घेतला, असे मानले जाते.

विदोक वाल्मीकी झाला नाही. हट्ट, कपट आणि पैशाचा सोस त्याच्यात अखेरपर्यंत राहिला. परंतु पाय घसरलेल्याला पश्चात्तापाइतकीच कामाची आणि एका उघड्या दाराची गरज असते, हे त्याला अनुभवाने कळले होते. त्याच्यासाठी ते दार प्रथम त्याच्या आईने उघडले होते. आपल्या गल्लीत कोणी शिक्षा भोगून परतला, तर आपल्या दाराची कडी आतून लागलेली असेल की नाही, याचा विचार वाचकांनी स्वतःशी करावा, एवढीच आमची विनंती आहे.