हातांना शहाणे करणारे उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन

डॉ. झाकीर हुसेन हे भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची बावीस वर्षे एका गरीब शिक्षणसंस्थेत गेली, ही गोष्ट आपल्या पुष्कळ पालकांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. पहिली-दुसरीच्या वर्गात मुले माती मळताना, चिंचोके मोजताना, कागद कापताना दिसली की हा अभ्यास की नुसता खेळ, अशी शंका आपल्याकडे हमखास निघते. त्या शंकेचे उत्तर या थोर पुरुषाच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. आपला बीड जिल्हा त्या काळी त्याच निजामी राज्यात होता. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हे वकील. ते १९०७ साली वारले. चार वर्षांनी प्लेगने आईचेही छत्र हरपले. अशा स्थितीत इटावा येथे शालेय शिक्षण पुरे करून ते अलीगढच्या कॉलेजात गेले. १९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी ते सरकारी मदतीचे कॉलेज सोडले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथेच स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या उभारणीत भाग घेतला.

पुढे १९२२ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पण त्यांच्या मनावर खरा परिणाम झाला तो म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टाइनर यांच्या विचारांचा. मुलाने नुसते ऐकून नव्हे तर काम करून शिकावे, आणि त्या कामातूनच त्याचे चारित्र्य घडावे, हा त्या विचारांचा गाभा होता.

१९२६ साली ते परतले, तेव्हा जामिया दिल्लीला हलली होती आणि तिची तिजोरी रिकामी होती. वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यांनी कुलगुरुपद स्वीकारले. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची आणि महिना १५० रुपयांहून अधिक पगार न घेण्याची प्रतिज्ञा केली. परदेशी पदवी घेतलेल्या माणसाला त्या काळी याहून कितीतरी चांगली नोकरी सहज मिळाली असती.

कुलगुरू असूनही त्यांचा जीव रमे तो प्राथमिक शाळेत. तेथे अब्दुल गफ्फार मुधोळी यांच्यासारख्या शिक्षकांनी प्रकल्प पद्धती आणली. मुलांची स्वतःची बँक होती, दुकान होते, बाग होती. दुकानाचा हिशोब मांडताना बेरीज-वजाबाकी येई, बागेत वाफे आखताना मोजमाप येई. पाठ्यपुस्तक बंद झाले नाही. पुस्तकातील आकड्यांना अर्थ आला. जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या बाईंनीही या बालकांसाठी आपले आयुष्य वेचले. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे नव्या इमारतीची कोनशिला बसविण्याचा मान कोणा बड्या पाहुण्याला न देता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थी अब्दुल अझीझ याला देण्यात आला.

मुले मळके बूट घालून येतात असे दिसल्यावर झाकीरसाहेब स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन दारात बसले, अशी आठवण सांगतात. दुसरी आठवण त्याहून हृदयद्रावक आहे. शाळेत मुलांना मिठाई वाटत असताना त्यांची लाडकी छोटी मुलगी रेहाना गेल्याची खबर त्यांच्या कानी घालण्यात आली. मुलांच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून ते वाटप पुरे होईपर्यंत थांबले आणि मगच घरी गेले. पुढे रुकय्या रेहाना या नावाने त्यांनी मुलांसाठी सुंदर उर्दू गोष्टी लिहिल्या.

ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या महाराष्ट्रातील वर्धा येथे शिक्षण परिषद बोलाविली आणि नव्या अभ्यासक्रमाच्या समितीचे अध्यक्षपद झाकीरसाहेबांकडे आले. वय ७ ते १४ सक्तीचे मोफत शिक्षण, माध्यम मातृभाषा आणि केंद्रस्थानी एक हस्तव्यवसाय, अशी ही मूलोद्योग शिक्षणाची योजना होती. लहान मुलाच्या हाती टकळी दिली की कापूस तोलताना वजन, सूत मोजताना लांबी आणि कापूस पिकणाऱ्या काळ्या जमिनीची माहिती घेताना भूगोल शिकविता येतो. मात्र मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढण्याच्या कल्पनेबाबत त्यांनी परिषदेतच स्पष्ट इशारा दिला होता. मालावर नजर गेली की मूल मजूर होते, हे त्यांनी ओळखले होते. मुस्लिम लीगने या योजनेला विरोध केला आणि समाजातून त्यांच्यावर टीका झाली; तरीही हिंदुस्तानी तालिमी संघाचे अध्यक्ष म्हणून ते हे काम करीत राहिले.

प्रत्येक काम म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्यांनी पुढे वारंवार बजावले. काय करायचे ते आधी ओळखणे, त्याची आखणी करणे, ते मन लावून पार पाडणे आणि शेवटी आपले काम आपणच तपासणे, या चार पायऱ्या असतील तरच ते शिक्षण. यांत्रिक सूतकताई झालेल्या शाळांविषयी त्यांनी नंतर उघड नाराजी व्यक्त केली.

ही कसोटी आपल्या मुलांनाही लावता येईल. मांजरसुंब्याजवळचे कपिलधार म्हणजे मन्मथस्वामींचे समाधिस्थान आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. तेथे सहल नेली तर फोटो काढून व डबे खाऊन परत यायचे, की निघण्यापूर्वी काय पाहायचे ते मुलांनीच ठरवायचे? पाने व दगड गोळा करून त्यांचे गट पाडावेत, धारेखाली बादली किती आकड्यांत भरते ते मोजावे, सीताफळाच्या बियांचे दहा-दहाचे ढीग लावावेत आणि वर्गात येऊन काय चुकले ते पुन्हा पाहावे. या गोष्टीला पैसा लागत नाही. शिक्षकाची तयारी आणि पालकांचा विश्वास लागतो.

१९४८ ते १९५६ अलीगढचे कुलगुरुपद, नंतर बिहारचे राज्यपालपद, १९६२ मध्ये उपराष्ट्रपतिपद, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १९६७ मध्ये राष्ट्रपतिपद असे मान त्यांना मिळत गेले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर जामियाच्या आवारातच, मुलांच्या सहवासात आहे.

पालकांनी संध्याकाळी मुलाला किती पाने झाली एवढेच विचारू नये. आज हाताने काय केलेस, कसे केलेस आणि पुन्हा केलेस तर काय बदलशील, हेही विचारावे. झाकीरसाहेबांची तालीम घराघरात पोहोचविण्याचा हाच सोपा मार्ग आहे.