शिक्षकांचे आश्रयदाते : संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल



शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला. या दिवसांत मिस्सानंतर आम्हाला भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक शाळेविषयीच बोलतात. कुणाला प्रवेश हवा असतो, कुणाला तुकडी बदलून हवी असते, कुणाची एखाद्या शिक्षिकेविरुद्ध तक्रार असते. त्या शिक्षिकेचे कसे चालले आहे हे विचारायला मात्र सहसा कुणी येत नाही. शिक्षकांचे एक आश्रयदाते संत आहेत. त्यांचा सण ७ एप्रिलला असतो, म्हणजे प्रायश्चित्तकाळात नाहीतर पुनरुत्थानाच्या धामधुमीत, आणि तो कुणाला न कळता निघून जातो. म्हणून त्यांची हकिकत आज सांगत आहोत.

जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचा जन्म फ्रान्समधील रँस शहरात ३० एप्रिल १६५१ रोजी झाला. वडील न्यायाधीश, घर श्रीमंत. सोळाव्या वर्षीच ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले. कॅनन म्हणजे कॅथेड्रलमधील नित्य प्रार्थनेसाठी नेमलेला मानकरी. मान मोठा आणि उत्पन्नही कायमचे. पुढे ते पॅरिसच्या सेमिनरीत दाखल झाले, पण १६७१ मध्ये आई आणि १६७२ मध्ये वडील वारले. एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. सेमिनरी सोडून धाकट्या भावंडांसाठी त्यांना घरी परतावे लागले. गुरुदीक्षा झाली ती १६७८ मध्ये, आणि १६८० मध्ये त्यांनी ईशज्ञानातील डॉक्टरेट मिळवली.

इथपर्यंत त्यांच्या आयुष्यात शाळा नव्हती. ती आली १६७९ मध्ये. आद्रिएन निएल नावाचे एक प्रापंचिक गृहस्थ गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायला रँसला आले. त्यांची आणि या तरुण कॅननची गाठ सिस्टरांच्या मठाच्या दारात पडली. दे ला साल यांनी मदत केली, पहिली शाळा निघाली, मग दुसरी. निएल मोठे उत्साही, एक शाळा सुरू झाली की त्यांचे लक्ष पुढच्या शाळेकडे. आधीच्या शाळेतले शिक्षक कुठे राहतात, काय खातात, वर्गात काय करतात, हे पाहायला त्यांना सवड नसे. ते पाहण्याचे काम दे ला साल यांच्याकडे आले.

त्या काळी गरिबांच्या शाळेत शिकवणारा माणूस म्हणजे दुसरे काही काम न मिळालेला. शिक्षण जेमतेम, प्रशिक्षण नाही, पगार तुटपुंजा. पुढे दे ला साल यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, सुरुवातीला त्यांना हे शिक्षक आपल्या घरच्या नोकरापेक्षाही हलके वाटत. त्यांच्यासोबत राहावे लागेल ही कल्पनासुद्धा त्यांना सोसवत नव्हती. हे सगळे कुठवर जाणार आहे ते आधी कळले असते तर आपण हात घातलाच नसता, असेही त्यांनी कबूल केले आहे. संतांच्या चरित्रात असा प्रामाणिकपणा क्वचित आढळतो.

तरी त्यांनी प्रथम शिक्षकांना आपल्या घरी जेवायला बोलावले, आणि २४ जून १६८१ रोजी त्यांना राहायलाच आणले. नातेवाईक खवळले. न्यायाधीशाच्या घरात, धाकट्या भावांच्या शेजारी ही माणसे जेवणार? भावांना त्यांच्यापासून दूर नेण्यात आले. दे ला साल मागे हटले नाहीत. वर्षभरात वडिलोपार्जित घर सोडून ते शिक्षकांबरोबर भाड्याच्या घरात गेले. त्या वर्षात पहिल्या शिक्षकांपैकी बरेच जण सोडून गेले हेही सांगायला हवे. मठासारखी शिस्त त्यांना पेलली नाही. त्यांच्या जागी नवे आले.

यानंतर घडले ते आम्हाला या चरित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिक्षकांना म्हातारपणाची काळजी होती. शाळा बंद पडली तर आपण रस्त्यावर, हे त्यांना कळत होते. दे ला साल यांनी त्यांना शुभवर्तमानातील पाखरे आणि फुले यांची आठवण करून दिली, देवावर विसंबून राहायला सांगितले. शिक्षकांनी तोंडावर उत्तर दिले की, तुम्हाला हे बोलणे सोपे आहे. तुमच्याकडे इस्टेट आहे, कॅननचे उत्पन्न आहे. उद्या शाळा बुडाली तर तुमचे काहीच बुडणार नाही, आमचे सगळे बुडेल.

आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून हे पाखरांचे वचन किती वेळा सांगतो! सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हालाही वाद घालायची सवय लागली होती, आणि अशा वेळी उत्तर शोधून काढणे कठीण नसते. दे ला साल डॉक्टर होते, त्यांनाही ते सापडले असते. त्यांनी वाद घातला नाही. शिक्षक खरे बोलत आहेत हे त्यांनी मान्य केले. १६८३ मध्ये कॅननपद सोडले, तेही भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिले. राहिली इस्टेट. ती शाळांच्या नावे ठेवावी असे आपल्यापैकी कोणत्याही हिशेबी माणसाने सुचवले असते. त्या हिवाळ्यात दुष्काळ पडला आणि त्यांनी ती भाकरी करून भुकेल्यांना वाटून टाकली. आता शिक्षक आणि ते एकाच पायरीवर आले.

या मंडळींनी स्वतःला शिक्षक न म्हणवता ब्रदर म्हणवून घेतले. त्यांनी आपल्यात कुणी धर्मगुरू होणार नाही असे ठरवले, कारण वेदीची ओढ लागली की वर्ग दुय्यम होतो. लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेत वाचन, आणि एकेका मुलाला जवळ बोलावण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवणे, या पद्धती त्यांनी रूढ केल्या. १६८८ मध्ये ते पॅरिसला आले आणि भांडणे सुरू झाली. फी घेऊन लेखन शिकवणाऱ्यांचा तिथे संघ होता. पैसे देऊ शकणारी मुलेही इथे फुकट शिकतात, ही त्यांची तक्रार. दे ला साल तर दारात कुणाची ऐपत विचारायला तयार नव्हते. खटले झाले, १७०४ मध्ये सामान जप्त झाले, दंड झाला.

पुढे आणखी एका खटल्यात ते हरले, ब्रदरांमध्येही फाटाफूट झाली. १७१२ मध्ये ते दक्षिणेकडे निघून गेले. आपणच या कार्यातला अडथळा आहोत असे त्यांना वाटू लागले होते. १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिस आणि आसपासच्या ब्रदरांनी त्यांना पत्र लिहिले. ते विनंतीचे नव्हते. ज्या संघाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत तुम्ही घेतले आहे, त्या संघाच्या नावाने परत येण्याची आज्ञा करत आहोत, असे त्या शाळामास्तरांनी आपल्या संस्थापकाला कळवले होते. ते परत आले. १० ऑगस्टला दारात उभे राहून त्यांनी आपल्याकडून काय काम हवे आहे ते विचारले.

१७१७ मध्ये त्यांनी प्रमुखपद ब्रदर बार्थेलेमी यांच्याकडे सोपवले आणि साध्या सभासदासारखे त्यांच्या आज्ञेत राहिले. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रुआँ शहरात त्यांनी देह ठेवला. १९०० मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संतपद दिले आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

पुढच्या रविवारची सकाळची मिस्सा आपल्या शाळेतील शिक्षक-शिक्षिका, कार्यालयातील कर्मचारी, शिपाई आणि सफाईचे काम करणाऱ्या बायका यांच्यासाठी अर्पण केली जाईल. मिस्सानंतर हॉलमध्ये चहा-नाश्ता आहे. वाढण्याचे काम पालकांनी करायचे आहे. नावे कार्यालयात द्यावीत.

— तुमचे प्रमुख धर्मगुरू