उत्तर देता येईना, म्हणून चारित्र्य काढलं : मेरी वोलस्टोनक्राफ्टची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या वर्गात समता, हक्क आणि नीती हा विषय निघाला की रूसो, कांट, मिल ही नावं ठरलेली. मेरी वोलस्टोनक्राफ्टचं नाव त्या यादीत फार उशिरा आलं. तिचा मुद्दा कच्चा होता का? तर नाही. कारण वेगळंच होतं.

मेरीचा जन्म २७ एप्रिल १७५९ रोजी लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सचा. वडिलांनी वाडवडिलांचा पैसा शेतीच्या नादात घालवला. ते आईवर हात उचलायचे. आईला मार बसू नये म्हणून मेरी तिच्या खोलीच्या दाराशी झोपायची.

१७८४ मध्ये तिने धाकट्या बहिणीला, एलायझाला, नवऱ्याच्या घरातून गुपचूप बाहेर काढलं. पण कायद्याने मूल बापाचं. एलायझाची तान्ही मुलगी तिथेच राहिली आणि वर्षाची व्हायच्या आत गेली. कायद्याच्या लेखी बाई कोण, हे मेरीला असं घरातच कळलं.

मग पोटासाठी तिने बहिणी आणि मैत्रीण फॅनी ब्लड यांच्यासोबत न्यूइंग्टन ग्रीनमध्ये शाळा काढली. ती फार टिकली नाही. आयर्लंडमध्ये एका सरदाराच्या मुलींना शिकवून ती लंडनला परतली आणि प्रकाशक जोसेफ जॉन्सनकडे लेखन, भाषांतर करून जगू लागली. बाईने लेखणीवर पोट भरणं तेव्हा दुर्मीळ होतं.

१७९० मध्ये एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका केली. परंपरेने चालत आलेली व्यवस्था मोडू नये, असं त्यांचं म्हणणं. मेरीने महिनाभरात उत्तर छापलं : एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती न्याय्य ठरत नाही. हक्क वंशावरून मिळत नाहीत, माणूस म्हणून मिळतात. पहिल्या आवृत्तीवर तिचं नावही नव्हतं.

पण या ‘माणसात’ बाई येते का? फ्रान्समध्ये तालेराँ यांच्या शिक्षण योजनेत मुलींना घरकामापुरतंच शिक्षण होतं. त्याआधी रूसोने ‘एमिल’मध्ये मुलाला स्वतंत्र विचार करायला शिकवलं होतं, आणि त्याच्या सोफीला त्याचं मन राखायला.

१७९२ मध्ये मेरीने ‘स्त्रीच्या हक्कांचं समर्थन’ या अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहिलं आणि ते तालेराँनाच अर्पण केलं. तिचा युक्तिवाद साधा होता. बरं-वाईट स्वतःच्या बुद्धीने ठरवता आलं, तरच वागण्याला नीती म्हणता येतं. ज्याला विचारच करू दिला नाही, तो फक्त आज्ञा पाळतो. मग बाईला शिकू द्यायचं नाही आणि वर तिच्याकडून सद्गुणांची अपेक्षा करायची, हे जमायचं कसं? म्हणून मुलं-मुली, गरीब-श्रीमंत यांनी लहानपणी एकाच शाळेत शिकावं, असं तिने सुचवलं.

पुस्तक गाजलं. लवकरच दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतरही झालं.

त्याच वर्षाच्या शेवटी ती पॅरिसला गेली. तिथे गिल्बर्ट इम्ले या अमेरिकी माणसावर तिचं प्रेम जडलं. लग्नाविना मुलगी झाली. इम्लेने साथ सोडली, तेव्हा १७९५ मध्ये तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली. १७९७ मध्ये तिने विचारवंत विल्यम गॉडविनशी लग्न केलं. ३० ऑगस्टला मुलगी झाली आणि १० सप्टेंबरला, बाळंतपणातल्या संसर्गाने, ३८ व्या वर्षी मेरी गेली. हीच मुलगी पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली.

दुःखात बुडालेल्या गॉडविनने १७९८ मध्ये तिचं चरित्र छापलं आणि प्रेमाने सगळं खरं लिहिलं. विरोधकांना हेच हवं होतं. बिनलग्नाचं मूल, आत्महत्येचे प्रयत्न, एवढ्यावर तिचं पुस्तक निकालात निघालं. स्त्रियांच्या बाजूने बोलणारेही पुढे तिचं नाव घ्यायला कचरू लागले. सुमारे शंभर वर्षांनी मताधिकार चळवळीतल्या मिलिसेंट फॉसेट यांनी नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं.

आता रूसोकडे बघा. त्याने आपली पाचही मुलं अनाथालयात सोडली, आणि हे त्याच्या हयातीतच उघड झालं होतं. तरी मुलं कशी वाढवावीत यावरचा त्याचा ग्रंथ वाचला जात राहिला. मेरीने आपली मुलगी शेवटपर्यंत स्वतः सांभाळली. पुस्तक मात्र तिचं मिटवलं गेलं.