कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर व फिरवणारा जोर

विहिरीवरचा रहाट, सायकलीचे चाक, अथवा आपल्या राहनाळनजीक भिवंडीत चालणारे यंत्रमाग पाहा. आसाभोवती फिरवणाऱ्या जोरावाचून यांपैकी एकही चालणार नाही. यंत्रशास्त्रात त्यास टॉर्क अथवा परिबल म्हणतात. हा जोर ज्यांनी आपल्या यंत्रांद्वारे शेतकऱ्याच्या हाती दिला, त्या कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमेना. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले व तो मार्ग खुंटला. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास मात्र रंगांची गरज नव्हती. तीच विद्या हस्तगत करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी आपणांस डावलण्यात आले, हे पाहून त्यांनी त्या नोकरीस रामराम ठोकला.

बेळगावास त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा धंदा सुरू झालेला होता. सायकलीत टॉर्कचे तत्त्व स्पष्ट दिसते. पायाचा दाब आणि आसापासून पायट्यापर्यंतचे लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. २०० न्यूटन दाब ०.१७ मीटर लांबीच्या दांड्यावर काटकोनात पडला, तर टॉर्क ३४ न्यूटन-मीटर होतो. दांडा दुप्पट लांब केल्यास निम्म्या दाबाने तेवढाच टॉर्क मिळतो. मात्र पायास दुप्पट अंतर चालावे लागते. फुकट काहीच मिळत नाही.

यानंतर लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. अशा यंत्राची मूठ मोठ्या चाकाच्या कडेजवळ, म्हणजे आसापासून दूर असते. म्हणून बेताच्या जोराने पाती जाड कडबा कापतात. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तरीही त्यांनी धीर सोडला नाही.

पुढे बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल स्टेशनानजीकच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे व पंप तयार होऊ लागले. बैलांच्या चरकास लांब दांडा असतो, तो उगाच नव्हे: बैल आसापासून जितका दूर चाले, तितका लाटांना अधिक पीळ मिळे. पुढे किर्लोस्करांच्या कारखान्यांत तेलावरची इंजिने व विजेच्या मोटारीही बनू लागल्या.

टॉर्क मोजण्याचे एकक न्यूटन-मीटर होय. जुन्या यंत्रांवर पौंड-फूट किंवा किलोग्रॅम-मीटर आढळते. १ पौंड-फूट म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर, व १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन-मीटर. कार्याचे एकक ज्यूल हेही न्यूटन व मीटर यांचाच गुणाकार आहे. परंतु कार्यात अंतर बलाच्या दिशेने मोजतात, टॉर्कमध्ये बलाशी काटकोनात. म्हणून टॉर्क ज्यूलमध्ये सांगत नाहीत.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. रंगांनी दगा दिला म्हणून ते रडत बसले नाहीत. जे साधत होते, त्यावरच त्यांनी सारे बळ लावले. विद्यार्थ्यांनी पुस्तकातले सूत्र पाठ करून न थांबता घरच्या सायकलीचा दांडा मोजून पाहावा. लक्ष्मणरावांची विद्या अशाच हातांच्या कामातून वाढली.