दुकानदार जॉन वूलमन

उद्योगाची सामाजिक जबाबदारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठे कारखानदार येतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानेही त्यासाठी २ टक्के खर्चाचे बंधन मोठ्या कंपन्यांवरच घातले. मग छोट्या दुकानदाराचे काय? हा प्रश्न मनात आला की मला जॉन वूलमन आठवतो.

वूलमनचा जन्म १७२० साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे एका क्वेकरपंथी शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी तो माउंट हॉली गावी एका दुकानात नोकरीस राहिला. एके दिवशी मालकाने आपली गुलाम स्त्री विकली व तिचे विक्रीखत लिहिण्यास त्याला सांगितले. भिडेपोटी त्याने ते लिहिले. पण मनाला टोचणी लागली. पुढे दुसऱ्या एकाने असेच खत लिहावयास सांगितले, तेव्हा त्याने नकार दिला.

त्याने स्वतःचे दुकान थाटले. शिवणकामही जोडीला होते. रम, साखर, काकवी असा माल तो विकत असे. वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलाम राबत, तेव्हा हा माल तयार होई. भाव वाजवी, हिशेब चोख, गिऱ्हाईक खूश. मग पाप कोणाचे? विकणारा आणि वापरणारा दोघेही त्यात वाटेकरी आहेत, असे वूलमनला हळूहळू पटले. व्याप फार वाढू लागताच १७५६ च्या सुमारास त्याने दुकानदारी आवरती घेतली व शिवणकाम आणि फळबागेवर संसार चालवला. पुढे त्याने साखरही वर्ज्य केली.

गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी उतरल्यास तो त्या गुलामांना सेवेचे पैसे देई. १७६९ च्या सुमारास बार्बाडोसला जाण्याचा विचार असता जहाजाचे भाडे त्याला स्वस्त वाटले. गुलामांनी पिकवलेल्या मालाच्या वाहतुकीमुळे ते स्वस्त होते. म्हणून जास्त भाडे द्यावे असे त्याने ठरवले. १७७२ मध्ये इंग्लंडात तो पायीच हिंडला, कारण तेथील गाड्यांपायी घोडे व पोरे यांचे हाल होत. त्याच वर्षी यॉर्क येथे देवीच्या रोगाने तो वारला.

एका दुकानदाराने साखर सोडल्याने मळे बंद पडले नाहीत, हे खरे. पण ज्या पंथबांधवांना तो आयुष्यभर समजावीत होता, त्या फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ मध्ये गुलाम बाळगण्यास आपल्या सभासदांना मनाई केली. मित्रहो, माल कोठून आला आणि तो कोणाच्या कष्टाने आला, हे विचारायला भांडवल लागत नाही. मात्र उत्तर मिळाल्यावर नफा सोडावा लागतो. वूलमनने तो सोडला, म्हणून मला तो मोठा वाटतो.