पाखंडी ठरलेला आशावादी

ज्या चर्चसाठी ओरिजेनने देह झिजवला, त्याच चर्चने मृत्यूनंतर तीन शतकांनी त्याला पाखंडी ठरवावे, हा इतिहासाचा विचित्र न्याय होय.

इ. स. १८५ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे त्याचा जन्म झाला. २०२ साली, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या राजवटीत, त्याचे वडील लिओनिडीस श्रद्धेपायी मारले गेले. मुलगाही हौतात्म्यास निघाला होता. आईने कपडे लपवून ठेवले म्हणून तो वाचला, असे युसेबियस हा इतिहासकार सांगतो. मालमत्ता सरकारजमा झाली. आई व सहा धाकटे भाऊ यांचा भार अंगावर आलेला हा मुलगा व्याकरण शिकवू लागला. पुढे धर्मशिक्षणाला वाहून घेताना त्याने आपला ग्रंथसंग्रह विकला आणि त्यापोटी रोज मिळणाऱ्या चार ओबोलांवर, म्हणजे पुरत्या एका द्राख्माहूनही कमी रकमेवर, गुजराण केली.

त्या काळी व्हॅलेंटिनसचे अनुयायी माणसांच्या तीन जाती मानीत. काहींचा उद्धार स्वभावतःच ठरलेला, काहींचा नाश तितकाच अटळ. ओरिजेनने ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथात हे साफ नाकारले. सर्व आत्मे समान निर्माण झाले. भेद पडला तो त्यांच्या स्वतःच्या निवडीने. जन्मतःच दिसणाऱ्या विषमतेचा उलगडाही तो पूर्वीच्या निवडीनेच करतो. आपल्याकडील वाचकाला येथे कर्मसिद्धान्त आठवेल, आणि दुःखिताच्याच माथी दोष मारण्याचा त्यातील धोकाही.

परंतु ओरिजेन तेथे थांबत नाही. निवडीने जो घसरला तो निवडीनेच परतू शकतो. ईश्वरी शिक्षा ही सूड नसून वैद्याचा कडू उपचार आहे. म्हणून अखेरीस सर्वांचा उद्धार होईल, अशी त्याची आशा होती. आता सर्वांचे परतणे निश्चित असेल तर स्वातंत्र्य उरले कोठे? आणि स्वातंत्र्य कायम असेल तर पुन्हा पतन का होऊ नये? ही अडचण त्याला पुरती सुटली नाही. मात्र अशा प्रश्नांवर तो निर्णय देत नसे, चर्चेसाठी मते मांडी. नंतरच्या निषेधकर्त्यांनी हा फरक ध्यानात घेतला नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

पॅलेस्टाइनमध्ये परस्पर दीक्षा घेतल्यामुळे बिशप डेमेट्रियसशी बिनसले आणि तो कैसरियास कायमचा गेला. २५० साली डेसियसच्या छळसत्रात साठी उलटलेल्या या विद्वानाला गळ्यात लोखंडी कडे अडकवून, पाय खोड्यात ताणून ठेवले. तो नमला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा अंत झाला.

५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने निषेधाचा हुकूम काढला. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचे नाव पाखंड्यांत घातले. त्याचे पुष्कळसे मूळ ग्रीक लेखन लुप्त झाले. मुख्य ग्रंथ संपूर्णपणे उरला तो रुफिनसच्या लॅटिन भाषांतरात, आणि त्यानेही आक्षेपार्ह जागा सौम्य केल्या. २०१२ मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयातील एका निनावी हस्तलिखितात स्तोत्रांवरील एकोणतीस प्रवचने सापडली. ती त्याचीच निघाली.