अंगणवाडीची जननी आणि विसरलेले पाळणाघर

ताराबाई मोडक यांचे नाव बालशिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत मात्र ते क्वचितच ऐकू येते. वस्तुतः बालकाच्या आरोग्याविषयीचा एक मूलभूत धडा या शिक्षिकेने शासनाच्या कितीतरी आधी गिरवला होता.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु बालशिक्षण हे शहरातील सुस्थितांपुरतेच राहणार असेल, तर ते अपुरे होय, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९४५ मध्ये, विश्रांतीच्या वयात, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

बालवाडी उघडली तरी आदिवासी मुले तेथे येईनात. तेव्हा दोष पालकांना न देता ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तेथे गाणी-गोष्टींच्या आधी आंघोळ आणि नखे-केसांची स्वच्छता होती. आरोग्य हाच शिक्षणाचा पहिला पाठ होता. आईबाप मजुरीला गेल्यावर थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते आणि शाळेला मुकते, हेही त्यांनी पाहिले. म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अंगणवाडीत एकवटले. महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प मेळघाटातील धारणीचा. त्याच मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९३ मध्ये राज्य हादरले.

असे का व्हावे? कारणे अनेक आहेत. पण एक उणीव उघड आहे. शासनाने अंगणवाडी उचलली, पाळणाघर मात्र मागेच राहिले. वाढ खुंटण्याचा मोठा धोका पहिल्या दोन वर्षांत असतो, आणि नेमक्या याच वयाच्या बालकाच्या वाट्याला अंगणवाडीतून बहुधा घरी न्यायचा शिधा तेवढा येतो. दिवसभर आई शेतावर असताना तो शिधा शिजवून त्याला वेळेवर भरवणार कोण? पाळणाघराची जोड आजवर फार थोड्या अंगणवाड्यांना मिळाली आहे. आणि मानधनावर राबणाऱ्या सेविकेकडून नोंदवह्यांखेरीज हेही काम फुकटात अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल.

ताराबाईंचे स्मरण करायचे असेल, तर त्यांच्या योजनेतील हा राहिलेला अर्धा भाग पूर्ण करणे, हेच त्याचे योग्य रूप होय.